वजन बघून घेतलेला लॅपटॉप

मेंढा घेताना शिंगं बघणारा माणूस फसतो. मी कधी शिंगं बघितली नाहीत. आधी पाठीच्या कण्यावर बोटं दाबायची, मग एक हात छातीखाली, एक हात मांड्यांमागं घालून जनावर गुडघ्याइतकं उचलायचं. लोकर फुगलेली असू दे, विकणाऱ्यानं पोटभर पाणी पाजलेलं असू दे, हाताला कळतं. हलका लागला की समजायचं, आत जंत आहेत नाहीतर जुनं दुखणं आहे. गुलबर्ग्याकडच्या आळंदच्या बाजारात लोक मला हाताला धरून न्यायचे. "अण्णा, एवढा उचलून सांगा." माझी शाळा तिसरीपर्यंत, ती पण तुटक तुटक, कारण आमचं बिऱ्हाड मेंढरांमागं, घोडीच्या पाठीवर असायचं. पण ज्यांच्या घरात चार बुकं होती, ते पण मेंढा घेताना माझ्या तोंडाकडं बघायचे. ह्याचा मला गर्व होता. अजून आहे थोडा.

मला पोरगी एकच. मेंढरं विकून आम्ही गावात घर धरलं ते तिच्या शाळेपायी. ती गुलबर्ग्याला शिकली आणि एका संस्थेत कामाला लागली. गावोगाव जायचं, कोण घर सोडून पुण्याला गेलं, कोण हैदराबादला गेलं, मागं म्हातारी माणसं काय खातात, हे विचारून लिहून घ्यायचं. आमच्याकडं एका गल्लीत तीन भाषा. तिला मराठी, कानडी आणि मुसलमानी बोली तिन्ही येत होत्या, म्हणून साहेब लोक तिलाच आधी पाठवायचे. आज अफजलपूर, उद्या कडगंची, परवा पार सोलापूरच्या हद्दीपर्यंत. सगळा प्रवास एस्टीनं, आणि बहुतेक उभ्यानं.

पुढं संस्थेनं सांगितलं, कागदाचं काम बंद. ज्याच्याजवळ स्वतःचा लॅपटॉप, त्यालाच फिरतीचं काम. बाकीच्यांना नारळ.

आता ओढ्याचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय दुकानातली गोष्ट कळायची नाही.

पोरगी पाच वर्षांची होती. आम्ही कळप घेऊन ओढा उतरत होतो. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, पाणी मधेच चढलं. माझ्या एका काखेत दोन दिवसांचं कोकरू होतं. दुसऱ्या हातानं मी पोरीला मनगटाला धरून ओढत होतो. तिचा पाय सुटला आणि ती माझ्या हाताला लोंबली. मी तशीच हिसकून काठावर घेतली. खांद्यातून आवाज आला, तो मला पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. मी कोकरू सोडलं असतं तर तिला दोन्ही हातांनी कवेत घेता आलं असतं. कोकरू सोडलं नाही. हाडं बसवणाऱ्यानं खांदा बसवला, हळद बांधली. उजवा हात तेव्हापासून कच्चाच राहिला. तिनं कधी काही म्हटलं नाही. बायकोनं त्या दिवशी एकदाच माझ्याकडं बघितलं, मग तीही गप्प. आमच्या घरात ओढा हा शब्द कुणी काढत नव्हतं. न बोललं की माणूस विसरतो. मी विसरलो होतो.

तर गुलबर्ग्याच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. पैसा मेंढरं विकून मागं टाकलेला होता, म्हणून निवडही माझी, हे मी बसमध्येच सांगून ठेवलं होतं. पोरगी आधीच कुणाकुणाला विचारून आली होती. तिनं सरळ एका लहानशा लॅपटॉपवर बोट ठेवलं. शाळेतल्या पाटीएवढा, काळा, पातळ.

मी तो उचलला. एका हातावर घेतला, दुसऱ्यावर घेतला. खाली ठेवला.

"हे तर पोकळ हाय," मी म्हणालो.

दुकानदार तिशीतला मुसलमान पोरगा होता, गोड बोलणारा. तो हसला. "चाचा, ये बकरा नै है. इसमें हलका रहा तो अच्छा बोलते."

"मला शिकवू नगंस. चार पावसाळे टिकलं पाहिजे. ते तिकडलं दाव, जाडजूड."

त्यानं मोठा लॅपटॉप काढला. उचलल्यावर हाताला भरला. झाकण दाबलं तर लवत नव्हतं. कोपरे जाड. पाठीवर बोटं दाबायची तशी मी त्याची पाठ दाबून बघितली, तर दुकानातली दोन गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसायली. पोरगीसुद्धा हसली. मग माझ्या जवळ सरकून हळू म्हणाली,

"अप्पा, हलकंच बगू या की."

"कामून?"

तिनं त्या लहान लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"कामून, सांग की. मला कळंना व्हय? हे बग किती दणकट हाय."

"न्हाई, सहजच. फिरतीला बरं पडतंय."

"फिरतीलाच दणकट पाहिजे. बसमधी कुणाचा पाय पडला तर ती पाटी मोडून जाईल."

दुकानदारानं पुन्हा तोंड घातलं. "चाचा, दीदी बराबर बोल रई. कंधे पे दिनभर ये वजन..."

"तू गप. माझ्या पोरीच्या खांद्याला काय झालंय?"

हे मी बोललो. मोठ्यानं बोललो, सगळ्या दुकानासमोर. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून काचेच्या कपाटाकडं वळवली. त्या वेळी मला वाटलं, माझं पटलं तिला. "अप्पा म्हणतात तेच द्या," असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं एक पिशवी फुकट दिली, एका पट्ट्याची, एका खांद्याला अडकवायची. म्हणाला, आठ दिवसांत बदलून नेऊ शकता, खोकं तेवढं जपून ठेवा.

खोकं बायकोनं जपलं. आठ दिवस मी रोज बघत होतो. पोरगी पिशवी डाव्या खांद्याला अडकवायची आणि उजव्या हातानं बसचा दांडा धरून चढायची. आमच्या गावाहून सुटणारी बस इतकी भरलेली असते की माणूस पायरीवर चढलं तरी आत सरकेपर्यंत दोन थांबे जातात. तेवढा वेळ सगळा भार उजव्या हातावर. घरी आली की पिशवी खाली ठेवताना वाकायची, आणि सरळ व्हायला जरा वेळ लावायची. मी विचारलं, "जड होतंय का?" ती म्हणाली, "न्हाई अप्पा, सवय होईल." मला हेच ऐकायचं होतं. नववा दिवस उजाडला तेव्हा मला बरं वाटलं. आता बदलायचा प्रश्नच मिटला.

दोनेक महिने गेले असतील. एके सकाळी बायको पोरीची वेणी घालताना दिसली. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, पायरीवर बसलेली आणि मागं माय.

मी म्हणालो, "आता काय ल्हान हाय व्हय ती? येणी घालायलीस."

"तिचा हात डोक्याच्या माघं जाईना," बायको म्हणाली.

"कवापासून?"

"बगणाऱ्याला दिसलं असतं कवापासून ते."

पोरगी म्हणाली, "माय, राहू दे."

बायकोनं वेणीला गाठ मारली आणि उठली. माझ्याकडं न बघता बोलली, "घोडीवर लादताना दोन्ही अंगाला सारखं करीत होता तुमी. एका अंगाला घोंगडं जास्त झालं तर आमच्यावर वरडत होता, घोडीची पाठ सोलंल म्हणून. पोरीला एकाच अंगानं लादलंव."

मी रागावलो. काय बोललो ते आता सांगत नाही. पण खरं तेच होतं. दहा कोस चालायचं असलं तरी मी घोडीची गोणी सोडून पुन्हा बांधायचो, दोन्हीकडं वजन सारखं होईपर्यंत. ज्याला मेंढा उचलून कळायचा, त्याला हे कळायला नको होतं का?

बायकोनं सांगितलं, निदान पाठीवर घ्यायची दोन पट्ट्यांची पिशवी तरी आणा, म्हणजे हात तरी मोकळे होतील. कॉलेजची पोरं घेऊन फिरतात तशी. मी म्हणालो, येत्या बाजाराला आणतो. आळंदचा बाजार आला, मी गेलो. पिशव्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो. पिशवी घरी नेली म्हणजे लॅपटॉप जड आहे हे माझ्या तोंडानं सांगितल्यासारखं झालं असतं. मी ज्वारी घेतली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, चांगली नव्हती, पुढच्या बाजाराला बघू.

पुढचा बाजार यायच्या आत ते झालं. अफजलपूरच्या स्टँडवर ती बस पकडत होती. पाय पायरीवर, उजवा हात दांड्याला, डाव्या खांद्याला पिशवी. गाडी हलली, मागनं कुणीतरी रेटलं, तिचा पाय सुटला. खाली पडली नाही. दांडा सोडला नाही तिनं. सगळं अंग आणि ते पिशवीतलं वजन एका उजव्या हाताला लोंबलं, कंडक्टरनं शिट्टी मारून गाडी थांबवेपर्यंत. ओढ्यात माझ्या हाताला लोंबली होती तशीच.

आम्ही पोचलो तेव्हा ती गुलबर्ग्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाई कानडीत विचारत होत्या, ह्या खांद्याला पूर्वी काही झालं होतं का? हे आजचं एकट्याचं वाटत नाही.

मी समोर उभा होतो. मला कानडी चांगली कळते.

पोरगी म्हणाली, "लहानपणी झाडावरून पडले होते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, बाप म्हणून विचारलं, "हौदा?" म्हणजे, खरं का?

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. बायको दाराशी होती. तिनं पदर तोंडावर घेतला आणि बाहेर गेली.

खांदा बसवला, पण आतली शीर ताणली गेली होती. हात कमरेच्या वर उठत नाही. बोटांत पकड नाही. पेन धरलं तर गळून पडतं. संस्थेनं दोन महिने वाट बघितली, मग फिरतीच्या कामावर दुसरी बाई घेतली. त्यांचं पण काय चुकलं, गावं वाट बघत नाहीत.

ती नवी बाई एकदा आमच्या घरी आली, जुनी माहिती घ्यायला. पाठीवर लहान पिशवी, आत तो पाटीएवढा लॅपटॉप. पोरीनं तिला ओट्यावर बसवून कोणत्या गावात कुणाशी बोलायचं, कोणत्या म्हातारीला ऐकू येत नाही, कुठली बस थांबत नाही, सगळं सांगितलं. बाई निघाली तेव्हा पिशवी एकाच खांद्याला टाकून निघाली.

"ताई, दोन्ही पट्टे घाला," पोरगी म्हणाली.

मी तिथंच खांबाला टेकून बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही, तो मारला असता तर मला बरं झालं असतं.

मोठा लॅपटॉप कपाटात आहे. पिशवी बसच्या दारावर आपटली होती, तरी त्याला ओरखडा नाही, लावला की चालू होतो. मी म्हणालो होतो तसा दणकट निघाला. पोरगी डाव्या हातानं कधी उघडते, गावातल्या कुणाचा अर्ज करून देते, आणि बंद करून मला म्हणते, "अप्पा, वर ठिवा की." वर ठेवायला तिचा हात पुरत नाही. मी उचलतो. त्याचं वजन मला हातानं सांगता येतं, अजूनही चूक होणार नाही.

दवाखान्याचे कागद बायकोच्या पेटीत आहेत. वरच्या कागदावर झाडाचं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. तेव्हा आमच्या दारात झाड नव्हतं, दारच नव्हतं. ओढा होता, एका काखेत कोकरू होतं, आणि तिचा हात माझ्या हातात होता.