सुरुंगवाल्याची लेक रॉकेटच्या कारखान्यात

कामरगावचा भिवाजी तरुणपणी विहिरींना सुरुंग लावायचा. एकदा वात भलतीच भरभर जळाली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. थोरली लेक धम्मदीपा आयटीआय करून रॉकेटचं इंधन बनवणाऱ्या कारखान्यात लागली, तेव्हा त्या धास्तीनं तो दिवसभर धड जेवलाही नाही.

"दुनियाभरचे कामं सोडून तुले बारूदच भेटली काय?"

"बारूद नाही बाबा. बारूद एकदम फुटते. हे उदबत्तीवानी जळते, थरामागं थर."

"उदबत्तीनं कोनाचं घर नाही जळलं काय?"

आई वच्छला मात्र तिची पिशवी भरत होती.

कारखाना दूर, समुद्रकाठी. मिठासारखं पांढरं रसायन, ॲल्युमिनियमची भुकटी आणि काकवीसारखा चिकट द्रव मोठ्या भांड्यात कालवायचा. कालवण चालू असताना जवळ कोणी थांबायचं नाही. जाड भिंतीपलीकडून, पडद्यावर बघत यंत्र चालवायचं. आत जायच्या आधी बांगड्या, मोबाईल बाहेर ठेवून तांब्याच्या पट्टीवर हात टेकवायचा, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग ते कालवण रॉकेटच्या नळकांड्यात ओतून उबेत ठेवलं की खोडरबरासारखं घट्ट होई. सुरुवातीला पट्टीवर हात ठेवताना धम्मदीपाला बाबांचा हात आठवायचा. पण जिवाला जपायचे इतके सोपस्कार तिनं गावात कधी पाहिले नव्हते. हळूहळू ती रुळली, कामाच्या एका पाळीची प्रमुख झाली.

यंदा तिनं आईबाबांना रॉकेटचं उड्डाण बघायला बोलावलं. खालच्या टप्प्यातलं इंधन तिच्याच पाळीत कालवलेलं होतं.

झाडांमागे उजेड फुटला. आवाज मागाहून आला, थेट छातीत. भिवाजीनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. रॉकेट वर चढतच राहिलं.

"अजून जळूनच राह्यलं?" त्यानं विचारलं.

"हो बाबा."

ढगात ठिपका दिसेनासा झाला, तरी तो मान वर करून उभा होता. मग शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणाला, "माह्या पोरीनं कालवलं हे."

वच्छला पदरानं डोळे पुसत हसली.

"आता पुढचं कवा?" भिवाजीनं विचारलं.

"सोमवारी नवीन कालवण लागते."

"मंग चाल घरी, आराम कर. आन् मले एक सांग, ते कालवाले किती वेळ लागते?"

बस येईपर्यंत धम्मदीपा सांगत राहिली.