टेकडीवरची चार अक्षरं

जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना आमची टेकडी लागते. तिच्यावर दगडांनी मांडलेलं गावाचं नाव आहे, चार अक्षरी, यष्टीतून सहज वाचता येतं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावानं मोठ्या हौसेनं मांडलं म्हणतात. हौस त्यांची झाली, निस्तरणं आमच्या कपाळी आलं. दर चैत्रात जत्रेआधी त्या दगडांना चुना लावायचा. हंड्यानं पाणी वर न्यायचं ते बायकांनी, आणि पुरुष खाली सडकेवर उभे राहून ओरडणार, "इकडं सुटलंय, तिकडं सुटलंय!" माझी कंबर गेली ती त्या चढानं.

एकेक अक्षर एकेका गल्लीचं. शेवटचं बौद्धवाड्याचं. ज्याचं त्यानंच रंगवायचं. दुसऱ्यानं चुना लावला म्हणजे ती गल्ली गावातून उठली, असंच धरलं जायचं. बौद्धवाड्यातली एक सून माझ्याच वयाची होती. आमच्या विहिरी वेगळ्या, पण चढाची वाट एकच. अर्ध्यावर हंडे टेकवून आम्ही दोघी दम खायचो आणि आपापल्या सासवांना पोटभर नावं ठेवायचो. सासरी आल्यापासून मी एवढं मोकळं फक्त तिच्यापाशीच बोलले.

मग नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. विद्यापीठ औरंगाबादला, नाव बदलायचं तिथलं, आणि घरं जळली आमच्या गावातली. पेटवणारे परके नव्हते. बौद्धवाडा भर पावसात परभणीला निघून गेला. तीही गेली. मला भेटायलासुद्धा थांबली नाही, आणि का थांबावं तिनं?

पुढच्या चैत्रात सरपंच म्हणाले, "तेवढं शेवटचंबी उरका. यष्टीतून बोडकं दिसायलंय."

"त्यायचं हाय ते," मी म्हणाले. "आल्यावर करतील."

नवरा संतापला, सासूनं तोंड वाजवलं. मी हटले नाही. ते अक्षर कोरं होतं तोवर त्यांची गावातली जागा शाबूत होती, अशी माझी समजूत. दर चैत्रात तोच वाद, तीच बोलणी. शेरडं दगड लोटून द्यायची; मी ते जागच्या जागी बसवायची, चुना मात्र लावू द्यायची नाही. लोक मला येडी म्हणू लागले. खरं सांगते, शेवटी शेवटी मलाही वीट आला होता. पण सोडवत नव्हतं.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं, त्या सालच्या उन्हाळ्यात जिंतूरच्या स्टँडवर ती दिसली. केस पिकलेले, हातात पिशवी. लेक चारठाण्याला दिलेली, तिच्याकडे निघाली होती. मी धावतच गेले. विचारपूस करायचंही भान राहिलं नाही.

"तुमचं अक्षर तसंच ठेवलंय बघ! इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला न्हाई मी!"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमी ठेवलं व्हय ते?" ती हळू बोलली. "लेकीकडं जाताना दर खेपेला दिसतंय, बाई. तीन पांढरी, आमचं तेवढं काळं. मला वाटायचं, गावाचा राग आजून गेला न्हाई. तिथं आलं की मी मान खाली घालायची."

तिची यष्टी लागली. चढता चढता ती म्हणाली, "लावून टाका चुना. आमी काय आता येत न्हाईत."

पुढच्या चैत्रात सरपंचांनी सवयीनं विषय काढला. मी वाद घातला नाही. पाणी वर नेलं आणि ते अक्षर एकटीनं रंगवलं. खालून पुरुष खूश होऊन हात करत होते. दगड पांढरे होत गेले तसं मला रडू आवरेना, कारण आता गावात तिचं काहीच उरलं नव्हतं.