न हरवलेलं हाड

“याचं कॉलरबोन कुठाय?” पाहुण्या सरांनी शेळीच्या सांगाड्यावर पेन आपटत विचारलं.

अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात तपासणीची समिती आली होती. हे त्यातले मोठे सर. आकाशगंगांच्या आकारांवर त्यांचा अभ्यास. मी प्राणिशास्त्राच्या लॅबमधली कंत्राटी अटेंडंट. सांगाडा मीच जोडलेला. हाडं उकळली, घासली, तारेत ओवली. चार महिने गेले त्यात.

विभागप्रमुख मॅडम हसल्या. “हिनेच जोडलाय, सर. हिच्या वडिलांचं उल्हासनगरला, कॅम्प पाचला मटणाचं दुकान आहे. सूपमध्ये गेलं असेल.”

सगळे हसले. पोरंही हसली. आणि मीही हसले. बापाची टिंगल झाली आणि मी दात काढले, याची लाज अजून जात नाही.

शेळीला कॉलरबोन नसतंच. बाबा फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, सोडवतात तेव्हा सुरी मांसातून सरळ जाते, हाड आडवं येत नाही. पुढचा पाय धडाला नुसत्या मांसाने धरलेला असतो. हे मी लहानपणापासून दुकानात बघत आले. मॅडमना माहीत नव्हतं असं नाही. आदल्याच आठवड्यात याच सांगाड्यापुढे उभं राहून त्यांनी पोरांना शिकवलं होतं, माणसाला हे हाड असतं, शेळीला नसतं. मी मागे कपाटाच्या काचा पुसत होते. पण मोठ्या सरांना चुकलात म्हणायचं कसं? त्यापेक्षा मी सोपी.

मग हॉलमध्ये सरांचं भाषण झालं. पडद्यावर आकाशगंगा. चक्राकार, लांबट, कसलाच आकार नसलेल्या. मी चहाचे कप मांडत होते. राग नाही, रडू नाही. अंगाला भूल दिल्यासारखं काहीच कळत नव्हतं.

दोन दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे सांगाड्यातील एक हाड गहाळ झाले.’

“सरांनी शेरा मारलाय. उत्तर द्यावं लागतं. सही कर.”

“मॅडम, शेळीला ते हाड नसतं.”

“मला शिकवतेस?” मग आवाज उतरला. “अगं, तुला कोण विचारतंय? एक सही. पुढच्या कंत्राटाचं मी बघते. आणि प्लास्टरचं एक हाड करून चिकटव तिथे.”

मी पेन उचललं होतं. सही करणारच होते, खोटं कशाला बोलू? पण प्लास्टरचं म्हटल्यावर हात थांबला. म्हणजे पुढची सगळी पोरं खोटी शेळी शिकणार, आणि ती खोटी माझ्या हातची. मी टाइप केलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘शेळीला कॉलरबोन नसते. सांगाडा पूर्ण आहे. तो मी जोडला आहे.’ मग सही केली.

“उद्यापासून येऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “नोकरीचं टेन्शन नको घेऊ. पण त्यांच्यासमोर हसलीस कशाला?”

बारावी सायन्सनंतर माझं शिक्षण सुटलं होतं. या जूनमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय, त्याच कॉलेजात, प्राणिशास्त्राला. पहिल्या बाकावर बसते. शेळीचा धडा अजून यायचाय. तो मॅडमना माझ्या तोंडाकडे बघून शिकवावा लागेल, आणि त्या दिवशी मी हसणार नाही.