बेरकी
शिकेकाईचा वास आला, की बारामतीजवळचं मळ्यातलं घर आठवतं. त्या सकाळी थोरल्या बहिणीला न्हाऊ घातलं होतं; इंदापूरकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलाच्या वडिलांनी तिला विचारलं, “विहीर आटली तर पाणी कुठनं आणशील?” ती म्हणाली, “आधी इचारीन, येळंवर गाळ का काढला न्हाय?” पाहुण्यांनी पानाचं तबक बाजूला सारलं. “पोरगी बेरकी हाय.” आमचे वडील गडबडून म्हणाले, “आमच्यात बेरकी म्हंजी हुशार, पाव्हणं!” “आमच्यात लबाडाला म्हणत्यात.” पाहुणे उठले, बैलगाडी निघाली, तरी वडील हात जोडून उभेच होते. पुढच्या पाहुण्यांसमोर बहीण प्रत्येक प्रश्नाला खाली मान घालून नुसतं “व्हय” म्हणाली, आणि लग्न ठरलं. आज चुणचुणीत नातीला कौतुकानं बेरकी म्हणावंसं वाटतं, पण तोंडातून ‘हुशार’ एवढंच निघतं.