पाचव्या घरचा जोगवा

“हे पोरगी मुकी हाय काय वं?” ओसरीवर बसलेल्या आजींनी माझ्या आईला हळूच विचारलं. मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं असावं. पण जे कमी बोलतात, त्यांना जरा जास्तच ऐकू येतं.

रिठदमधलं ते पाचवं घर होतं. बारावी पार पडली की लेक स्वतःच्या तोंडानं पाच घरी जोगवा मागेल, असा नवस आईनं माहूरच्या रेणुकेला बोलला होता. सकाळी गडावर दर्शन घेऊन आम्ही तसेच बाबांच्या या मूळ गावी आलो होतो. चार घरांत माझ्या हातातली परडी बघूनच बायकांनी मूठभर पीठ वाढलं. मागायचा शब्द मात्र चारही वेळा आईनंच उच्चारला. मी खाली मान घालून उभी.

मनात दुसरंच चाललं होतं. मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती आणि सोमवारी ती पक्की करायची होती. अर्जात ते बाबांनी लिहिलं होतं, वाशीमच्या आमच्या गल्लीत पेढेही वाटून झाले होते. अमरावतीला भूगर्भशास्त्रासाठी मी गुपचूप भरलेल्या अर्जातही माझं नाव लागलं आहे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्या सकाळी गाभाऱ्यात मी देवीला एवढंच म्हटलं होतं, “आई, माझ्याच्यानं होणार नाही. बाबांना तूच सांग.”

हे दगडांचं वेड मला माहूरच्या वाटेवरच लागलं. दरवर्षी आम्ही जुन्या जीपनं जायचो. पुसदच्या अलीकडच्या घाटात इंजिन तापायचं, बाबा गाडी थांबवायचे, आई शिदोरी सोडायची. मी कापलेल्या डोंगरासमोर जाऊन उभी राहायची. खाली काळा दगड, मध्ये वीतभर लाल पट्टा, वर पुन्हा काळा. आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं, हा लाल रंग कुठून आला? बाबा म्हणाले होते, “देवीचा कुंकवाचा करंडा सांडला असंन, माय.” पुढे पुस्तकात वाचलं, की लाव्हाच्या एका थरावर माती तयार झाली, मग दुसरा थर येऊन ती भाजली. तरी करंडा मी मनातून काढला नाही. दर खेपेला एक खडा मात्र दप्तरात घरी यायचा.

आजींच्या प्रश्नावर आई पुढे होऊन बोलणार, तोच त्यांनी तिला अडवलं. “तू थांब, सूनबाई. मांगनारी बोलन, तवाच वाढीन.”

मी घाबरले आणि तोंडून निघालं, “एक्सक्यूज मी...”

आजी पदरात तोंड लपवून हसल्या. “देवीले इंग्लिस येते काय वं?” गाडीजवळ उभे असलेले बाबाही हसले. मी शरमेनं नजर खाली वळवली, आणि तुळशीच्या बुडाशी तो दिसला. हळदकुंकू लावलेला काळा दगड, फुटलेल्या बाजूनं आत पांढऱ्याशुभ्र सुया.

“इहीर खंदताना निंगाला,” आजी म्हणाल्या. “आमचे हे म्हनत, फेकून दे. मी म्हनलं, राहू द्या, देव असंन.”

मग काय झालं कळलं नाही. मी बोलत सुटले. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे कसे अडकतात, त्या पोकळीत पाणी कसं झिरपतं, हजारो वर्षं अंधारात या सुया कशा वाढतात. आजी मुठीत पीठ धरून ऐकत राहिल्या. मी थांबले तेव्हा बाबा फाटकापाशी आले होते.

“एवढं बोलते तं मंग मांगत काहून नाई?” आजींनी विचारलं.

आज मी अमरावतीला दुसऱ्या वर्षाला आहे. तो दगड नेमका त्याच दारात का होता, बाकी चार घरांनी मी न बोलताच का वाढलं, याचा शोध मी घेतलेला नाही. आठवलं की छाती हलकी होते आणि हात आपोआप जोडले जातात. सगळं देवीवर सोडायचं म्हणजे आपण गप्प राहायचं, असं मी समजत होते. तिनं माझं मागणं माझ्याच तोंडी परत दिलं. रिकामी परडी आपल्याच हातानं पुढे करायची असते, तिच्यात काय पडेल ते तिच्याकडे.

त्या दिवशी आजींच्या दारात मी परडी पुढे केली. “जोगवा वाढा, माय.” पीठ पडलं. धीर सुटायच्या आत मी फाटकाकडे वळले.

“बाबा, मला कॉम्प्युटर नको. मला त्या लाल पट्ट्याचं शिकायचंय.”