बेचाळीस इंचांचा फोटो

आमच्या ह्यांचा जगात कोणावर विश्वास नाही. तीस वर्षं वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासले. नोकरी संपली, नजर काही निवृत्त झाली नाही. मी दाराला कुलूप लावलं की हे मागून येऊन ते ओढून बघणार. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं माझा संताप व्हायचा. आता मीच म्हणते, ओढा हो एकदा, म्हणजे दोघं सुखाने निघू.

हे खूळ आलं कुठून, तेही मला ठाऊक आहे. सात वर्षांचे असताना ह्यांनी शाळेत वीतभर मासा हातभर करून सांगितला. सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि अशी सणसणीत थोबाडीत बसली की दोन दिवस गालावर पाच बोटं होती. सासरे शिंपी, मापाच्या बाबतीत बापालाही सोडणारे नव्हेत. माप खोटं तर माणूस खोटा, हे त्यांचं वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले.

त्याच सासऱ्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि तलावावर गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या क्लबातही. दोन्ही हातांवर आडवा मासा, खाली लिहिलेलं: बेचाळीस इंच. एकेचाळीस वर्षं हा विक्रम कोणी मोडला नव्हता. क्लबाचा नियम असा, की मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत पाण्यात सोडायचा. म्हणजे पुरावा काय तो फोटो. नोंदींचं काम ह्यांच्याकडे आलं तेही वडिलांच्या पुण्याईवर.

आणि गेल्या महिन्यात क्लबातल्याच आमच्या सलूनवाल्याने चव्वेचाळीस इंचांचा मासा आणला. म्हणजे, फोटो आणला. एकटाच गेला होता, मोबाइल डब्याला टेकवून स्वतःच स्वतःचा फोटो काढलेला. ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. साक्षीदार का नाही? नेमका मीच गावाला गेलो त्या दिवशी मासा कसा लागतो? ह्यांनी नोंद अडवून ठेवली आणि त्याच्याकडे केस कापायलाही जाईनात. महिन्याभरात केस कानांवर आले. दुसऱ्या सलूनवर तरी कुठे विश्वास होता!

मग ठरलं, क्लबासाठी स्वतंत्र कॅमेरा घ्यायचा, कोणाला लबाडी करताच येणार नाही असा. पंधरा दिवस दुकानं पालथी घातली. पाण्याचे शिंतोडे सोसेल असा हवा, ओल्या बोटांनी बटण दाबता यायला हवं, आपोआप फोटो काढणारा टायमर हवा, कारण मासा पाण्याबाहेर आपण श्वास रोखून धरू तेवढाच वेळ ठेवायचा. शेवटी एका दुकानदाराने ह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की काका, मासे पकडणारे सगळे वाइड लेन्स नेतात. जवळून फोटो काढायचा, हात पुढे ताणायचे. मासा हवा तेवढा वाढतो.

ह्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! चोर सापडला. दुकानदाराचाही संशय आलाच, पण कॅमेरा घेऊन आले. जवळची वाइड लेन्स आणि लांबून काढायची दुसरी, अशा दोन्ही.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात चाचणी झाली. मासा म्हणून माझी बंद छत्री. जमिनीवर खडूने रेघा मारल्या, स्टँड उभा केला, पडदे सारले, आणि मी आपली छत्री दोन्ही हातांवर घेऊन उभी. आधी कोपरं पोटाला टेकवून, लांबून. मग हात ताणून, जवळून. दुसऱ्या फोटोत छत्री वासा झाली होती आणि माझी मूठ माझ्या तोंडाएवढी दिसत होती. मी हसले. हे म्हणाले, खूण लक्षात ठेव, मासा खोटं बोलेल पण मूठ बोलणार नाही.

मग त्यांनी सलूनवाल्याने आणलेला फोटो बाहेर काढला. मूठ मुठीएवढीच. कोपरं वाकलेली, पोटाला टेकलेली. भिंग लावलं, पट्टी लावली, दोनदा मोजलं. मासा खराच होता.

मी कशाला वर बघितलं कोण जाणे. भिंतीवर सासरे, हात ताठ पुढे, कोपरं कुठे दिसतच नव्हती, आणि माशाखालची मूठ त्यांच्या तोंडाएवढी. मी पटकन म्हटलं, उजेड बरोबर नाही, उद्या बघू. पण शंकेखोर माणसासमोर नजर चोरता येते होय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी जिथे पाहिलं तिथे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं ती छत्रीच मोडून टाकावी.

चार दिवस ह्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मलाही आता ह्यांचा संशय येऊ लागला, की हे सासऱ्यांच्या फोटोचं दडपतील, सलूनवाल्याची नोंद बाद करतील. कोणाला कळणार होतं? मी काही बोलले नसते. देवाशपथ, मी तसंच व्हावं म्हणत होते.

पुढच्या रविवारी क्लबात सगळे जमले तेव्हा मीही गेले. ह्यांनी नवा कॅमेरा दाखवला, मापाची पाटी कुठे ठेवायची, स्टँड किती पावलांवर, कोपरं कशी, मूठ केवढी दिसायला हवी, सगळं समजावलं. मग सलूनवाल्याचा मासा खरा असल्याचं जाहीर केलं आणि अडवून ठेवल्याबद्दल त्याची माफी मागितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर हे खुर्ची घेऊन भिंतीपाशी गेले, वर चढले आणि वडिलांचा फोटो उतरवला. म्हणाले, ह्याच नियमाने हाही बाद.

सलूनवाला घाईघाईने पुढे आला. चांगला माणूस हो. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, राहू द्या. काही माणसांचे पंजे मोठे असतात."

ह्यांनी फोटोवरची धूळ बाहीने पुसली.

"त्या हाताचा मार खाल्लाय मी," ते म्हणाले. "एवढा मोठा नव्हता तो."

घरापर्यंत आम्ही चालत आलो. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, जड आहे. नाही दिला. दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला, कोपरं पोटाला टेकवून. मी कुलूप उघडलं, आत आल्यावर दार लावलं. त्यांनी ते ओढून बघितलं नाही.