मोटारीखालची राख

आमच्या घरात जावयाला काही विचारायची सोय नव्हती. म्हणजे पाणी हवं का, अजून भाकर वाढू का, एवढं विचारता येई. मोटारीतलं तेल कुठं जातं, हे नाही. त्यामुळं तो अख्खा महिना सगळं घर गप्प होतं आणि सगळ्यांची नजर भाऊजींवर होती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साखरखेर्ड्याची त्यांची जमीन भावकीच्या भांडणात गेली, तेव्हा काकांनी दोघांना आमच्याकडं देऊळघाटला आणलं आणि भाऊजींना आपल्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून बसवलं. बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूर स्टेशनापर्यंत ती उतारू नेई. तिचा ब्रेक तेलावर चाले. पाय दाबला की नळीतलं तेल रेटलं जाऊन चारी चाकं धरायची. लढाईमुळं ते तेल मिळेना, तेव्हा मिस्त्रीच्या सांगण्यावरून आम्ही एरंडेलात स्पिरिट मिसळून ओतू लागलो.

आणि तेल नाहीसं होऊ लागलं.

संध्याकाळी ब्रेकच्या तेलाची डबी भरावी, तर सकाळी तेल खाली गेलेलं. ब्रेक पोकळ लागे; पुन्हापुन्हा दाबावा तेव्हा कुठं पायाला काहीतरी लागायचं. नळीत हवा शिरली असेल म्हणून हवा काढून झाली. सगळे जोड फडक्यानं पुसून पाहिले, फडकं कोरडंच. मोटारीखालची जमीनही स्वच्छ. गळत नाही, तर जातं कुठं? चाकं उघडून पाहायची तर मोटार मिस्त्रीकडं उभी ठेवावी लागली असती. त्यापेक्षा माणसावर संशय घेणं काकांना सोपं वाटलं.

त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, जवाईबुवाच्या सोबत जात जा. सोबत कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हेर म्हणून मी तसा बिनकामाचा. मला मोटार लागते. निम्मा घाट माझी मान खिडकीबाहेर. तरी डोकं चालू होतं. स्पिरिट आहे, म्हणजे भाऊजी पीत असणार. पण एरंडेलासकट प्यायले तर ते लपणार नाही. म्हणून ते टमरेल घेऊन शेताकडं कधी जातात, यावर मी पाळत ठेवली. ते चार माणसांसारखेच जात. उलट माझ्याच फेऱ्या वाढल्याचं मायच्या लक्षात आलं आणि तिनं मला ताकभातावर ठेवलं. मग त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास आला. वास कशाला लपवतो माणूस? दाढ दुखते, असं बहीण म्हणाली. पण बहीण तसं म्हणणारच.

तिलाही सगळं कळत होतं. एकदा विहिरीवर तिनं मला गाठलं. "काकाले सांग, आमाले जा म्हनाचं असन तं तोंडानं म्हना. मी पेटी भरून ठेवली हाय." जायचं कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी मी डाव टाकला. मोटार गोठ्यात बैलांशेजारी उभी राहायची. दिवेलागणीला मी चुलीतली राख चाळून तिच्याखाली आणि भोवती पसरली. कुणी आलं की पाऊल उमटणार.

उजाडताना गेलो, तर माय माझ्याआधी तिथं. हातात खराटा, शेजारी शेणकाल्याची बादली, आणि ती अर्धी मोटारीखाली शिरलेली. हे ती रोजच करायची. बैल बांधा की मोटार, खालची जागा उजाडायच्या आत झाडून सारवलेली पाहिजे, हा तिचा नेम.

"थांब, माय."

"काऊन? ही राख तुवं सांडली का बे?"

मी वाकलो. पाऊल एकही नव्हतं. भिंतीकडच्या मागच्या चाकाखाली मात्र राखेत भाकरीएवढा ओला डाग. चोर रोज रात्री येत होता आणि माय रोज पहाटे त्याच्या खुणा सारवून टाकत होती.

एवढ्यात भाऊजी आले. त्यांनी डागाला बोट लावलं, वास घेतला आणि मला तेलाच्या डबीपाशी नेलं. झाकणाला काळा दोरा गुंडाळलेला.

"हा मी बांधला, झाकन कोनी उघडलं तं तुटावा म्हून," ते म्हणाले. "मले वाटे, तुमीच तेल काढून राह्यले. मले हाकलाले."

राख माझ्या पायांना लागलेलीच होती.

मिस्त्रीनं त्या चाकाच्या आतली फुगलेली रबराची वाटी बदलली. नळीतली हवा मात्र आम्हीच काढली. भाऊजी चाकाखाली पाना घेऊन आडवे, मी वर ब्रेकवर पाय ठेवून. त्यांनी पेच आवळायच्या आत मी पाय उचलला, की हवा परत आत. कोणालाच दुसऱ्याचं तोंड दिसत नाही.

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा. ... आता सोडा."

असं बराच वेळ. मग पायाखाली ब्रेक दगडासारखा लागला.

जावयाची माफी मागायचीही आमच्याकडं रीत नाही, म्हणून काकांनी पुरणाचा स्वयंपाक सांगितला आणि तूप स्वतः वाढलं. भाऊजींनी वाटी नाकापाशी नेली, हुंगली.

"तूपच हाय ना, मामाजी?"

काका आधी लाल झाले. मग चुलीपाशी बहीण हसली, तेव्हा तेही हसले. दुसऱ्या दिवशी तिची पेटीतली लुगडी दोरीवर ऊन खात होती.